लाल पेन आणि ट्रेसिंग पेपर

रात्रीचे साडेअकरा. लॅपटॉप बंद, डोकं मात्र सुरूच. उद्याचा रिव्ह्यू, परवाची डेडलाइन, बॉसचा तो एक-शब्दी रिप्लाय... अशा वेळी कुणी सिरीज लावतं, कुणी फ्रिज उघडून नुसतंच उभं राहतं. मी मात्र एका जपानी आजोबांकडे जाते!

हारुमिची शिबासाकी हे त्यांचं नाव. जन्म 1947चा, टोकियोशेजारच्या चिबा प्रांतातला. आयुष्यभर जलरंगात चित्रं काढली आणि शिकवली. 2017 मध्ये, सत्तरीच्या आसपास, मुलाने सुचवलं म्हणून यूट्यूबवर धडे द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे या वयाच्या बाबांना मुलगा फार तर ‘फॉरवर्ड कसं करायचं’ ते शिकवतो! या आजोबांचे सबस्क्रायबर्स 10 लाखांच्या पार गेले. बोलणं जपानीत, खाली इंग्रजी सबटायटल्स. फी शून्य.

आता तुम्ही म्हणाल, यूट्यूबवर ड्रॉइंग शिकवणारे काय कमी आहेत? अजिबात नाहीत. पण आजोबांना घाई नसते. ‘पाच मिनिटांत सूर्यास्त’ असला प्रकार नाही. आधी कागद स्वच्छ पाण्याने ओला करायचा, मग त्यावर निळा सोडायचा आणि तो पसरू द्यायचा. ढगासाठी पांढरा रंग लागत नाही, तिथे कागद कोरा सोडायचा. फिक्याकडून गडदाकडे जायचं. आधीचा थर वाळेपर्यंत हात मागे ठेवायचा, नाहीतर ओल्या डागात फुलकोबी उगवलीच म्हणून समजा. जलरंगात ‘अनडू’ नसतं, बॉस! आणि महागडं सामान नाही म्हणून अडून बसलेल्यांसाठी आजोबा स्वस्तातल्या साध्या क्रेयॉन्सनीही मस्त निसर्गचित्र काढून दाखवतात. झाली आपली पळवाट बंद.

पण मी त्यांच्या प्रेमात पडले ते यामुळे नाही. लोक त्यांना स्वतःची चित्रं पाठवतात आणि ते ती सुधारून दाखवतात, त्या व्हिडिओंमुळे. समोर कुणा नवशिक्याचं चित्र असतं. झाडं हिरव्या गोळ्यांसारखी, नदी सरळ उभी राहिलेली. आपण हसायच्या बेतात असतो. आजोबा ते नीट बघतात. आधी यात काय छान जमलंय ते सांगतात, आणि ते उगाच गोड बोलणं नसतं, खरंच काहीतरी सापडलेलं असतं. मग हलकेच इथे थोडी सावली, तिथे एक गडद रेघ. दोन मिनिटांत नदी आडवी होऊन वाहायला लागते. आणि गंमत म्हणजे चित्र त्या नवशिक्याचंच राहतं!

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्क रडले. कारण सांगते.

सातवीत एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी मी ड्रॉइंगच्या क्लासला जायचे. स्मरणचित्राचा विषय होता बाजार. मी खपून एक भाजीवाली काढली होती, आमच्या गल्लीतलीच, पदर खोचलेली. सर आले, काही न बोलता माझ्या हातातला ब्रश घेतला आणि तिच्यावरून जाड रंगात दुसरी बाई काढली. बाई सुंदर होती हो! प्रपोर्शन परफेक्ट. फक्त ती माझी नव्हती. परीक्षेत बी ग्रेड मिळाला आणि रंगपेटी माळ्यावर गेली. ती पुढे 20 वर्षं तिथेच होती.

आजोबांना ही नजर आली कुठून? त्यांच्या आयुष्यात एक इंटरेस्टिंग नोकरी आहे. कोदान्शा फेमस स्कूल्स या संस्थेत ते चित्रकला शिकवायचे. तिचं मूळ अमेरिकेत. 1948 मध्ये कनेटिकटमधल्या वेस्टपोर्टला सुरू झालेलं फेमस आर्टिस्ट्स स्कूल. पोस्टाने चित्रकला शिकवणारी शाळा! नॉर्मन रॉकवेलसारखा नामवंत चित्रकार तिच्या संस्थापकांत होता. विद्यार्थी चित्र पोस्टाने पाठवायचे. शिक्षक त्यावर पातळ पारदर्शक कागद ठेवून दुरुस्त्या त्या कागदावर करायचे, सोबत एक पत्र लिहायचे. मूळ चित्राला हात नाही. कागद उचलला की खाली तुमचं चित्र जसंच्या तसं. मान्य करा, नका करू, पुन्हा काढा.

माझ्या भाजीवालीवर असा एक कागद असता तर?

इथवर मी सात्त्विक संतापात होते. आणि मग गेल्या महिन्यात ऑफिसमध्ये एक प्रकार घडला. टीममधल्या नव्या मुलीने क्लायंटसाठी प्रेझेंटेशन केलं होतं. रात्री उशिरा मी ते उघडलं. कच्चं होतं, मान्य. मी सटासट स्लाइड्स बदलल्या, वाक्यं उडवली, ग्राफ नवे टाकले आणि पहाटे दोनला पाठवून दिलं. वर स्वतःचंच कौतुक, की बघा, ज्युनिअर्ससाठी किती करते मी! मीटिंग झकास झाली. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, ‘‘काँग्रॅट्स गं, मस्त झालं तुझं प्रेझेंटेशन!’’

ती कसनुसं हसली. म्हणाली, ‘‘मॅम, माझं कुठे, तुमचंच होतं की.’’

जाड ब्रश या वेळी माझ्या हातात होता.

तेव्हापासून एक नियम केलाय. कुणाचंही काम आलं की मूळ फाइलला हात लावायचा नाही. बाजूला कमेंट लिहायची. पहिली कमेंट, यात काय जमलंय याची. ती सापडेपर्यंत बघत राहायचं. सांगायला सोपं, पण जाम वेळ खातं हे! स्वतः करून टाकणं दहा मिनिटांचं काम, दुसऱ्याला काय म्हणायचं होतं ते शोधायला अर्धा तास. डेडलाइन डोक्यावर असली की दोनदा नियम मोडलाही. पण परवा त्याच मुलीने तिसरा ड्राफ्ट पाठवला. त्यातला एक ग्राफ मला आयुष्यात सुचला नसता.

आजोबा फुकट शिकवतात म्हणून लोक त्यांना उदार म्हणतात. मला त्यांचं औदार्य दिसतं ते ब्रश उचलण्याआधीच्या त्या काही सेकंदांत, जेव्हा ते अनोळखी माणसाचं वाकडंतिकडं झाड मन लावून बघत असतात.

रंगपेटी माळ्यावरून उतरली आहे. ट्यूब्ज दगड झाल्या होत्या, नव्या आणल्या. रविवारी गल्लीतली भाजीवाली पुन्हा काढली. पदर जमलाय. टोपली हवेत तरंगतेय.

तरंगू दे! पुढच्या रविवारी खाली सावली देईन.