लाल रंगाचं देणं

अमेरिकेतला वंशभेद म्हटलं की पोलिसांचा दंडुका आठवतो. गृहकर्जाचा नकाशा आठवत नाही. १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल, म्हणजे कर्जासाठी धोक्याच्या ठरवल्या. गोऱ्यांच्या उपनगरांना मात्र सरकारी हमीची कर्जं मिळाली. १९६८ च्या कायद्याने हा भेद बेकायदा ठरला, मग आता तक्रार कसली, असं विचारलं जातं. पण घर वारशाने मिळतं, तसं घर नसणंही. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबांची मध्यक संपत्ती कृष्णवर्णीयांच्या सुमारे सहापट निघाली. सगळी दरी या नकाशांनी पाडली नाही, हे खरं. पण ती पाडण्यात सरकारचा हात होता, हेही तितकंच खरं.

मग या नुकसानीची भरपाई द्यायची म्हटलं, तर आजोबांच्या पापाचा दंड नातवाला का, हा आक्षेप जास्त वजनाचा. मात्र हे देणं कुणा नातवाचं नाही, सरकारचं आहे. आणि जुने कर्जरोखे फेडताना सरकार पिढी बदलल्याची सबब सांगत नाही. इलिनॉयमधल्या इव्हान्स्टन शहराने २०२१ मध्ये पात्र कृष्णवर्णीय रहिवाशांना घरासाठी २५,००० डॉलरपर्यंत मदत मंजूर केली, तीही गांजाविक्रीवरच्या करातून! रक्कम तोकडी आहे, दिशा बरोबर आहे. नुसती निषेधाची पत्रकं काढणाऱ्या शहरांनी आधी आपली जुनी दप्तरं उघडावीत.