हँगर आधी, परवाना नंतर

पस्तिशी-चाळिशीतला माणूस विमान देखभालीच्या क्षेत्रात येऊ पाहतो तेव्हा त्याची पहिली चौकशी असते ती कोर्सची. फी किती, किती वर्षांचा, डीजीसीएची मान्यता आहे का, नोकरीची हमी देता का. जाहिराती त्याला हेच प्रश्न विचारायला शिकवतात. आमच्या मते ही सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. बारावी सुटलेल्या मुलाने आधी संस्था, मग परीक्षा आणि मग हँगर या क्रमाने जावे. त्याच्यापाशी वेळ आहे आणि बहुधा घरच्यांचा आधारही. घर चालवणाऱ्या माणसाने मात्र आधी मिळेल त्या कामावर हँगरमध्ये शिरावे आणि परवान्याची तयारी तिथे राहून करावी. हा सल्ला उमेदवारांसाठी आहे असे वाटेल. पण या मासिकाचे वाचक बहुतांशी हँगरच्या आतले आहेत: परवानाधारक अभियंते, शिफ्ट इन्चार्ज, क्वालिटी आणि ट्रेनिंगची मंडळी. दाराची कडी त्यांच्याच बाजूला आहे, म्हणून बोलायचे ते त्यांच्याशी.

नियम काय म्हणतात ते आधी पाहू. सीएआर-६६ मध्ये परवान्यासाठी वयाची खालची मर्यादा अठरा वर्षांची आहे, वरची नाही. तरीही ‘आता वय उलटले’ हे वाक्य भरतीच्या टेबलावर सर्रास ऐकू येते. ते आले सवयीतून. परीक्षेलाही वयाचे सोयरसुतक नसते. गणित आणि भौतिकशास्त्राची पहिली दोन मॉड्यूल्स वीस वर्षांनी पुस्तक उघडणाऱ्याला जड जातात हे खरे, पण नेटाने बसणाऱ्याची ती सुटतात. घोडे अडते ते अनुभवाच्या रकान्यात. बी-वन-वन किंवा बी-टू परवान्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचा पूर्ण अभ्यासक्रम केलेल्याला चालू विमानांवरच्या कामाचा २ वर्षांचा अनुभव लागतो. संबंधित तांत्रिक प्रशिक्षण घेतलेल्या कुशल कामगाराला ३ वर्षांचा. आणि तसे काहीच पाठीशी नसलेल्याला ५ वर्षांचा. ए वर्गासाठी हेच आकडे १, २ आणि ३ असे आहेत. आता कागदावर हिशेब मांडून पाहा. २४०० तासांचा अभ्यासक्रम म्हणजे पगाराविना निदान दोन वर्षे, वर लाखांच्या घरातली फी, आणि एवढे करून अनुभवाची दोन वर्षे शिल्लकच. कुशल कामगाराच्या वाटेने तीन वर्षे जातात, पण ती तिन्ही पगारी असतात. मुलाच्या शाळेची फी आणि घराचा हप्ता भरणाऱ्याला यातली कोणती वाट परवडेल, हे सांगायला कुणी समुपदेशक नको.

या वाटेने येणाऱ्यांत सर्वांत मोठा गट माजी सैनिकांचा आहे, आणि महाराष्ट्र-गोव्याचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. हवाई दलातला एअरमन विशीच्या आत-बाहेर वीस वर्षांच्या पहिल्या मुदतीसाठी भरती होत असे; ती पुरी करून तो चाळिशीच्या उंबरठ्यावर बाहेर पडतो. भरतीची ही पद्धत बदलणारी अग्निपथ योजना २०२२ मध्ये आली. तिच्याआधी भरती झालेल्यांचा हा ओघ २०४० च्या सुमारापर्यंत चालूच राहणार. ओझरच्या ११ बेस रिपेअर डेपोत लढाऊ विमानांचे ओव्हरहॉल करणारे, दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदल तळावर पी-८आय सांभाळणारे हे लोक. पी-८आय हे विमान बोइंग ७३७-८०० च्या सांगाड्यावरच बेतलेले आहे. इंजिन सीएफएम५६, म्हणजे स्पाइसजेटच्या आणि एअर इंडिया एक्सप्रेसच्या ७३७-८०० विमानांवर असलेल्या कुटुंबातलेच. हवाई दलाच्या सी-२९५ चे पीडब्ल्यू१२७ इंजिन एटीआर-७२ च्या इंजिनाचे भावंड. असा माणूस नागरी हँगरमध्ये आला की त्याला वॉशर पुसायला बसवणे म्हणजे हातची लक्ष्मी लाथाडणे. नियमही त्याचा अनुभव सरसकट नाकारत नाही. नागरी क्षेत्राबाहेरचे काम समतुल्य असेल तर ते धरले जाते. फक्त नागरी वातावरणाची ओळख व्हावी म्हणून तिथला काही काळाचा अनुभव त्याला जोडावा लागतो.

ही जोड म्हणजे निव्वळ औपचारिकता असे समजणाऱ्यांशी मात्र आम्ही सहमत नाही. लष्करी तळावर सुटा भाग भांडारातून येतो आणि भांडारावर विश्वास असतो. नागरी हँगरमध्ये बेअरिंग कितीही नवे कोरे असो, त्याच्यासोबत रिलीजचा फॉर्म नसेल तर ते बेअरिंग नसल्यातच जमा. लष्करात काम हुकमाने होते आणि जबाबदारी उतरंडीत वाटली जाते. इथे रिलीजवर सही करणारा एकटा माणूस आपल्या परवान्यानिशी बांधला जातो. शिवाय सव्वीस वर्षांच्या बी-वन अभियंत्याने चाळिशीतल्या माजी ज्युनिअर वॉरंट ऑफिसरचे काम परत उलगडायला लावले, तर दोघांनाही अवघडल्यासारखे होते. (हँगरमध्ये सगळेच एकमेकांना ‘सर’ म्हणतात, त्यामुळे तोंडदेखले तरी निभावते.) सहा-बारा महिने या गोष्टी अंगवळणी पडायला लागतात, आणि तेवढे ते लागू द्यावेत.

दुसरा गट कारखान्यांतला. भोसरी-चिंचवड, सातपूर, बुटीबोरीच्या शेडमध्ये पंधरा-वीस वर्षे काढलेले फिटर, शीट मेटलवाले, सीएनसीवाले, पॅनेल वायरिंग करणारे. यांच्याबद्दल आमच्या व्यवसायात एक ठरलेला आक्षेप आहे: हात कसलेला असेल, पण वळण चुकीचे. आक्षेप पोकळ नाही. लॉकवायरचेच पाहा. दुहेरी तार पिळून दोन बोल्ट एकमेकांना बांधायचे, ०.०३२ इंची तारेला इंचाला सहा ते आठ पीळ. आणि ओढ अशा बाजूने की बोल्ट सैल व्हायला लागला तर तारेने त्याला आवळणाऱ्या दिशेलाच खेचावे. जास्त पीळ दिला की तार ठिसूळ होते, कमी दिला की हलते, आणि एकदा सोडलेली तार पुन्हा वापरायची नसते. गॅरेजमध्ये हातानेच ‘बसला’ म्हणून ओळखणाऱ्या कारागिराला हे सोपस्कार वाटतात; टॉर्क रेंचच्या कॅलिब्रेशनची तारीख काल संपली म्हणून तो बाजूला ठेवायचा, हे तर त्याला हास्यास्पदच वाटते. पण हजाराव्या भागाच्या टॉलरन्समध्ये आयुष्य काढलेल्या मशिनिस्टला यातले मर्म कॉलेजातल्या पोरापेक्षा लवकर कळते, हेही तितकेच खरे. वळण बदलते की नाही ते माणसावर असते, आणि ते तीन महिन्यांच्या प्रोबेशनमध्ये लख्ख दिसते.

वय आणि सवय यांची भीती घालणाऱ्यांनी १० जून १९९० चा प्रसंग पुन्हा वाचावा. ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हनची पुढची काच बर्मिंगहॅमहून मालागाला जाताना हवेतच उडाली, आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले म्हणून तो वाचला. सुमारे सत्तावीस तास आधी काच बसवली होती, ९० बोल्टांनी. त्यांतले ८४ बोल्ट व्यासाने ०.०२६ इंच बारीक होते आणि उरलेले ६ लांबीला ०.१ इंच आखूड. ते बसवणारा नवशिका नव्हता. तो अनुभवी शिफ्ट मेंटेनन्स मॅनेजर होता, आणि त्याने भाग क्रमांक पुस्तकात न पाहता जुना बोल्ट हातात धरून नवे बोल्ट नजरेने जुळवले. वाचायला चष्मा लागत असूनही त्या कामात त्याने तो लावला नव्हता, आणि काचेच्या कामाला दुसऱ्या कुणाची स्वतंत्र तपासणी लागत नव्हती. म्हणजे जे दोष आपण उशिरा येणाऱ्याच्या माथी मारतो, ते मुरलेल्या, घरच्याच माणसात होते. त्यावरचे उपायही सर्वांना सारखेच लागू आहेत: मॅन्युअल उघडा, चष्मा लावा, महत्त्वाच्या कामाला दुसरी नजर घ्या. उलट उशिरा येणारा एका बाबतीत बरा. आपल्याला हे माहीत नाही, याची त्याला जाणीव असते.

शरीराचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो गोड बोलून टाळू नये. विमाने दिवसा उडतात, म्हणून लाइन मेंटेनन्स रात्री चालतो. पंखातल्या इंधन टाकीत सरपटत शिरणे, व्हील वेलमध्ये मान वाकडी करून तास काढणे, पावसाळी रात्री ॲप्रनवर चाक बदलणे हे पंचेचाळिशीतल्या गुडघ्याला पंचविशीसारखे झेपत नाही. पण विमान देखभाल म्हणजे केवळ लाइन नव्हे. सी चेकमध्ये महिनाभर उभ्या असलेल्या विमानावर शिफ्टची कामे आखून देता येतात. व्हील-ब्रेक शॉप, बॅटरी शॉप, कंपोझिट दुरुस्ती, टेक्निकल रेकॉर्ड्स, प्लॅनिंग या जागांना मांसपेशींपेक्षा चिकाटी लागते. एनडीटी करणाऱ्याची जवळची नजर दरवर्षी तपासली जाते आणि चष्म्यासह ती पुरेशी असली की चालते. नव्या माणसाला पहिली दोन वर्षे बेसवर ठेवावे, रात्रीच्या लाइनवर ढकलू नये, एवढे रोस्टर करणाऱ्याच्या हातात असते.

यापेक्षा जड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो तरुणांच्या वतीने घेतला जातो. संस्थांतून बाहेर पडलेली मुले ट्रेनी म्हणून जागा मिळावी यासाठी वर्ष-वर्ष उंबरे झिजवत असताना चाळिशीच्या लोकांना कशाला बोलवायचे? या प्रश्नाला पूर्ण समाधानकारक उत्तर आमच्यापाशी नाही. काही जागांवर दोघांची गाठ पडणारच. तरी दोघांची रांग एकच आहे असे मानणे चूक. अभ्यासक्रम केलेल्या मुलाला परवान्याकडे नेणारी ट्रेनीची जागा हवी असते. हेवी चेकला एका सही करणाऱ्यामागे परवाना नसलेले अनेक कुशल हात लागतात: पत्रा कापणारे, रिव्हेट मारणारे, हार्नेस बांधणारे, सीट आणि गॅली उतरवणारे. हे हात कमी पडतात तेव्हा विमान ठरल्या तारखेला हँगरबाहेर निघत नाही, आणि मग ट्रेनी मुलांच्याही शिकण्याच्या वेळेवर गदा येते. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. देखभाल-दुरुस्तीवरचा जीएसटी २०२० मध्येच १८ वरून ५ टक्क्यांवर आला. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने उभारलेला हँगर आहेच. काम देशात येणार असेल तर ते कुणाच्या हातून होणार, याचा विचार परवान्यांच्या संख्येवर थांबता कामा नये. ‘यांच्यावर खर्च करून वसूल किती वर्षे होणार’ हा मालकांचा प्रश्नही तपासून पाहावा. अडतिसाव्या वर्षी मेकॅनिक म्हणून लागलेला माणूस चाळिशीत ए परवाना आणि पंचेचाळिशीपर्यंत बी-वन व टाइप रेटिंग मिळवू शकतो. अठ्ठावन्नपर्यंत तेरा वर्षे उरतात. विशीतला तरुण टाइप रेटिंगचा बाँड संपताच आखातात जायला मोकळा असतो.

ए परवान्याबद्दल आपल्याकडे विनाकारण नाक मुरडले जाते. त्याच्या सहीला मर्यादा आहेत: लाइनवरची किरकोळ ठरलेली कामे, साधे दोष, तेही परवानगीत नोंदलेले आणि स्वतःच्या हाताने केलेले. नेमकी हीच चौकट उशिरा आलेल्या माणसासाठी उत्तम आहे. दुसऱ्याच्या कामावर सही करण्याआधी स्वतःच्या कामावर सही करण्याचे ओझे काय असते ते त्याला कळते, आणि वाढलेल्या पगारात घरही उभे राहते. पगाराचे म्हणाल तर पहिली दोन-तीन वर्षे तंगीची जातात. पेन्शनवाला माजी सैनिक ती काढू शकतो. कारखाना सोडून आलेल्याने जोडीदाराशी आकडे मांडून बोलल्याशिवाय राजीनामा देऊ नये. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली, हे आकडे मांडताना विसरू नये. त्या पडझडीत परवानाधारकांचीही फरफट झाली; परवाना नसलेल्याला तर तेव्हा कुणी विचारतही नाही, आणि म्हणूनच हँगरमध्ये शिरल्यावर परवान्याचा अभ्यास लांबणीवर टाकणे धोक्याचे.

आता वाचकांकडून हवे ते. भरतीच्या जाहिरातीतली ‘कमाल वय २८’ ही ओळ कुठल्या कारणाने आली हे एकदा आपल्या एचआरला विचारा. टेक्निशियनच्या जागेसाठी बहुधा कारण सापडणार नाही. आणि लॉगबुकवर सह्या वेळच्या वेळी करा. हाताखालच्या माणसाने केलेले काम टास्क कार्डवर त्याच्या नावाने चढले नाही, किंवा अनुभवाच्या वहीवर सुपरवायझरने सहा महिने सही केली नाही, तर नियमाच्या लेखी ते सहा महिने वाया गेले. पंचविशीतला ते सोसतो. चाळिशीतल्याचा त्यात परवानाच जातो. दर शुक्रवारी दहा मिनिटे काढून त्या आठवड्याच्या नोंदी तपासून सही करणे, एवढेच काम आहे. सेवेतून बाहेर पडणाऱ्या सैनिकांना तर आमचे सांगणे असे की युनिट सोडण्याआधीच कोणत्या विमानावर, कोणत्या प्रणालीवर, किती काळ आणि कोणत्या जबाबदारीने काम केले याचा सविस्तर दाखला हाती घ्या. ‘इंजिन फिटर, २० वर्षे’ एवढ्या ओळीवर परवाना देणाऱ्या कार्यालयाला तुमचे काम समतुल्य ठरवता येत नाही, आणि डिस्चार्जनंतर जुन्या सेक्शनकडून तसला कागद मिळवायचा तर ज्याने तुमचे काम पाहिले तो अधिकारी तोवर दुसऱ्याच तळावर बदलून गेलेला असतो.