अमृता : ‘रु’ कीं ‘रि’?

देवनागरींत ‘अमृता’ हें नांव एकाच रीतीनें लिहिलें जातें. परंतु इंग्रजी लिपींत तें लिहितांना ‘आर’पुढें ‘यू’ घालावा कीं ‘आय’, असा प्रश्न पालकांपुढें उभा राहतो. ‘ऋ’चा उच्चार महाराष्ट्रांत ‘रु’सारखा होतो, तर उत्तर भारतांत ‘रि’सारखा. चित्रकर्त्री अमृता शेरगिल (१९१३–१९४१) व पंजाबी कवयित्री अमृता प्रीतम (१९१९–२००५) यांच्या नांवांत ‘आय’च आढळतो. तेव्हां ‘आय’ अशुद्ध, असें कोणी म्हणूं नये. तथापि आमच्या मतें मराठी घरांत ‘यू’च घालावा, कारण आई ज्या उच्चारानें मुलीला हांक मारते, तोच तिच्या नांवांत उमटावा हें योग्य.

याहूनही महत्त्वाची गोष्ट ही कीं, निवडलेलें रूप जन्माच्या दाखल्यापासून शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रापर्यंत एकच असावें. दोन कागदांवर दोन रूपें पडलीं कीं एकाच मुलीच्या दोघी होतात, आणि पुढें पारपत्र काढतांना शपथपत्रें करीत बसण्याचा प्रसंग तिच्यावर येतो. म्हणून ही निवड कारकुनाच्या लेखणीवर न सोपवितां आईबापांनीं घरींच विचारपूर्वक करावी. मुलगी जाणती असल्यास तिचेंही मत घ्यावें; कारण तें नांव जन्मभर तिलाच वागवावयाचें आहे.