हवेली एकीची, भांडण दोघांचं

गेल्या रविवारी मुलांच्या हट्टापायी ‘गुलाबो सिताबो’ पुन्हा पाहिला. २०२० च्या जूनमध्ये, थिएटरं बंद असताना, हा चित्रपट थेट घरच्या पडद्यावर आला होता. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. या वेळी हसता हसता अम्मीचा बिस्किटाचा डबा आठवला. त्याचं पुढे सांगते.

गोष्ट लखनौची आहे. फातिमा महल नावाची पडायला आलेली हवेली. मिर्झा हे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ स्वतःला तिचे मालक समजतात आणि भाडेकरूंचे बल्ब चोरून विकतात. भाडेकरूंत सर्वांत चिवट बांके. त्याची पिठाची गिरणी, घरात आई आणि तीन बहिणी. भाडं महिना तीस रुपये, आणि तेही द्यायला तो टाळाटाळ करतो. मिर्झांना त्याला हाकलायचं आहे, त्याला हलायचं नाही. बांकेच्या लाथेनं सामाईक संडासाची भिंत ढासळते आणि ती कुणी बांधायची यावरून रणकंदन होतं. गुलाबो आणि सिताबो या लखनौच्या जुन्या खेळातल्या दोन भांडकुदळ बाहुल्या. मिर्झा आणि बांके तसेच आहेत.

शूजित सरकार यांचं दिग्दर्शन आणि जुही चतुर्वेदी यांची लेखणी. मोठं नाक लावलेले, कमरेत वाकलेले अमिताभ बच्चन सुरुवातीला ओळखूही येत नाहीत. आयुष्मान खुरानाचा बांके गरीब आहे, पण बिचारा नाही. भाडेकरू म्हणजे साधाभोळा आणि मालक म्हणजे राक्षस, असा सोपा हिशेब इथे नाही. मिर्झांच्या खिशातही दमडी नसते. दोन फाटक्या माणसांची ही झुंज आहे.

मग बाहेरची माणसं शिरतात. मिर्झा वकील गाठतात, वकिलामागून बिल्डर येतो. बांकेला पुरातत्त्व खात्याचा अधिकारी भेटतो आणि भाडेकरूंना दुसरीकडे घरं देण्याचं गाजर दाखवतो. प्रत्येकाला वाटतं, आपण दुसऱ्यावर मात केली. हवेली ज्यांची आहे त्या फातिमा बेगमना मात्र कुणीच काही विचारत नाही. बेगम झोपेत असताना त्यांच्या बोटांचे ठसे कागदावर उमटवून घेण्यापर्यंत मिर्झांची मजल जाते, पण समोर बसून ‘बेगम, तुमची मर्जी काय?’ एवढं विचारणं त्यांना सुचत नाही.

बेगम पंच्याण्णव वर्षांच्या. ही हवेली सोडावी लागू नये म्हणूनच त्यांनी घरजावई होणाऱ्या मिर्झांशी लग्न केलेलं असतं. शेवटी त्या ती एका रुपयात आपल्या जुन्या प्रियकराच्या नावावर करतात आणि त्याच्याकडे निघून जातात. मिर्झा आणि बांके दोघांनाही बाहेर पडावं लागतं. मिर्झांच्या वाट्याला एक जुनी खुर्ची येते. ती ते अडीचशे रुपयांत विकतात आणि पुढे तीच मुंबईच्या दुकानात एक लाख पस्तीस हजारांची चिठ्ठी लावून उभी दिसते. फर्रुख जफर यांनी ही बेगम अशी उभी केली, की वयाची ऐंशी ओलांडल्यावर त्यांना फिल्मफेअर मिळालं.

आता तो डबा. आम्ही मुंबईत पागडीच्या खोलीत वाढलो. भाडं थोडं, पण अम्मी प्रत्येक पावती बिस्किटाच्या डब्यात ठेवायची. मालकानं भाडं घ्यायचं बंद केलं तेव्हा अब्बांनी मनीऑर्डर केली. ती परत आली, तर परतीचा कागदही डब्यात गेला. अब्बांच्या इंतकालानंतर, इद्दतही संपली नव्हती तेव्हा, मालकाचा माणूस दारात आला. ‘पावती त्यांच्या नावाची होती. आता खोली मोकळी करा.’ चाचा आणि मामू तावातावानं बोलू लागले. अम्मीनं माझ्या हाती डबा दिला आणि दाराआडून एवढंच म्हणाली, ‘मी इथे त्यांच्यासोबत राहत होते. मी कुठेही जाणार नाही.’

कायदा तिच्याच बाजूनं होता. भाडेकरू वारला तरी त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्यांचा हक्क संपत नाही, हे राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे. भाड्याची पावती मिळणं हाही भाडेकरूचा हक्कच आहे. अम्मीला कलमं ठाऊक नव्हती, पण कागद जपायचे आणि जागा सोडायची नाही, हे पक्कं ठाऊक होतं. ती खोली आजही आमच्याकडे आहे आणि पावतीवर तिचं नाव आहे.

पुनर्विकासाची बैठक आज अनेक इमारतींत चालू आहे. पुरुष मंडळी गच्चीवर वाद घालतात, शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो, आणि सही कुठे करायची हे बाहेरचा माणूस सांगतो. तुमच्याकडेही अशी बैठक असेल तर त्याआधी हा चित्रपट घरच्यांसोबत पाहा. मग कपाटातली फाइल काढा. कागद कुणाच्या नावावर आहे ते बघा, आणि घरातल्या बाईला समोर बसवून विचारा: तुमची मर्जी काय?