अलीचा फोटो लावता, अल्बर्टा जोन्स माहीत आहे का?

जयंतीच्या बॅनरवर हल्ली बाबासाहेबांच्या खाली मुहम्मद अलीचाही फोटो दिसतो. माझी हरकत नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीच ब्लॅक पँथरचं नाव घेऊन, तेव्हा हे नातं आजचं नाही. हरकत आहे ती त्या फोटोखाली सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीला. ऑलिम्पिकचं सुवर्णपदक जिंकून आलेल्या पोराला गावातल्या हॉटेलात काळा म्हणून जेवण नाकारलं आणि त्याने संतापून पदक ओहायो नदीत भिरकावलं! वर्णभेद खराच होता. पण पदक फेकल्याची गोष्ट १९७५ च्या त्याच्या आत्मचरित्रातली, आणि पुढे त्याच्याच जवळच्या माणसांनी पदक हरवलं होतं असं सांगितलं. आपल्या पोरांना मात्र तेवढंच पाठ. एकटा वीर, एक ठोसा, एक फेकलेलं पदक. ही वीरगाथा प्रस्थापितांना परवडते, कारण त्यात समाज कुठेच नसतो.

सुरुवातीची वर्षं पाहा. १९५४, केंटकी राज्यातलं लुईव्हिल. बारा वर्षांच्या कॅशियस क्लेची सायकल चोरीला जाते आणि जो मार्टिन नावाचा गोरा पोलीस त्याला म्हणतो, चोराला बदडायचं तर आधी बॉक्सिंग शिक. हा किस्सा प्रत्येक पुस्तकात आहे. पण त्याच शहरात, काळ्यांच्या वस्तीतल्या ग्रेस कम्युनिटी सेंटरमध्ये फ्रेड स्टोनर नावाचा काळा प्रशिक्षक पोरांचा घाम काढत होता. क्लेने स्वतः आपल्या घडणीचं श्रेय स्टोनरला दिलं आहे. टीव्हीवरचा कार्यक्रम मार्टिनचा होता, म्हणून गुरू मार्टिन ठरला. ज्या देशात प्रशिक्षकांना द्रोणाचार्यांच्या नावाने पुरस्कार देतात, तिथे हे समजावून सांगायला नको.

हौशी कारकिर्दीत शंभराच्या आसपास विजय, दोनदा राष्ट्रीय गोल्डन ग्लव्हज, आणि सप्टेंबर १९६० मध्ये रोमला लाइट हेवीवेटचं सुवर्ण. वय अठरा. आता व्यावसायिक व्हायचं, म्हणजे हेवीवेटमध्ये जायचं, म्हणजे पैसा. पोरं विकली जातात ती याच वळणावर. ज्या सनी लिस्टनला क्लेने पुढे हरवलं, त्याची कारकीर्द गुन्हेगारी टोळीच्या मुठीत होती.

क्ले त्या मुठीत गेला नाही. लुईव्हिलच्या अकरा गोऱ्या धनिकांचा गट त्याच्यावर पैसा लावायला पुढे आला, तेव्हा क्लेच्या बाजूने बोलणी करायला बसली अल्बर्टा जोन्स. काळी, तिशीच्या आतली, हॉवर्ड विद्यापीठात कायदा शिकलेली. करारावर सही करताना १० हजार डॉलर, प्रशिक्षणाचा खर्च गटाचा, कमाईत निम्मा वाटा. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम: त्याच्या उत्पन्नातले १५ टक्के वेगळे ठेवायचे, वयाच्या ३५ व्या वर्षापर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याला हात लावायचा नाही. अठराव्या वर्षी हे कुणाला सुचतं? ज्याने समाजातली म्हातारी, हात थरथरणारी माणसं पाहिली आहेत त्यालाच.

२९ ऑक्टोबर १९६० ला पहिली लढत, टनी हनसेकरविरुद्ध. तिथपासून सलग १९ विजय, आणि २५ फेब्रुवारी १९६४ ला लिस्टनला हरवून जगज्जेता. लगेच त्याने धर्मांतर जाहीर केलं आणि काही दिवसांत नाव बदललं. येवल्याच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्याला त्याचा अर्थ कळतो. धनिकांना ते रुचणं कठीणच होतं, पण करार १९६६ पर्यंत चालला.

अल्बर्टाने काळ्यांना मतदान शिकवण्यासाठी मतदान यंत्रं भाड्याने आणली होती. १९६५ मध्ये ती सरकारी वकील झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिला बेदम मारून ओहायो नदीत टाकण्यात आलं. वय ३४. आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही. पदकाची नदी सगळ्यांना माहीत आहे. तीच नदी अल्बर्टाचीही आहे.

हे आत्ता लिहायचं कारण साधं आहे. नाशिकरोडच्या आमच्या वस्तीतला एक पोरगा चांगला खेळतो. वडील बांधकामावर आहेत. जानेवारीत एका खाजगी अकादमीने त्यांच्याकडून इंग्रजीतल्या कागदावर सही घेतली. किती वर्षांसाठी, बक्षिसाच्या रकमेत कुणाचा किती वाटा, हात मोडला तर खर्च कुणाचा, घरात कुणालाच माहीत नाही. जिल्हा पातळीवर पदक मिळालं तेव्हा आपण शाल घातली, हलगी लावली, स्टेटस ठेवले. कागद मात्र कुणी वाचला नाही. आपल्यात दर वर्षी इतकी पोरं-पोरी एलएलबी होतात, त्यातलं कोण अशा सहीच्या वेळी शेजारी बसतं? आणि आठवडाभर कुलूप असलेल्या आपल्या विहारांचे हॉल संध्याकाळी सरावाला का देत नाही? फ्रेड स्टोनरकडे तरी यापेक्षा जास्त काय होतं!

त्या वडिलांकडे कागदाची प्रतही नाही. ती मागायला येत्या सोमवारी आम्ही तिघं जाणार आहोत. सोबत एक वकील हवा आहे.