एक कोयता म्हणजे किती माणसं?

आपली पोरं गणितात कच्ची, ही ओरड बीडमध्ये मास्तरांपासून आपल्याच कार्यकर्त्यांपर्यंत सगळे करतात. मला ती मान्य नाही. वस्तीवरच्या अभ्यासवर्गात मी दहावी-बारावीच्या मुलांना एक प्रश्न घालतो. एका कोयत्याने मुकादमाकडून १ लाख रुपये उचल घेतली. रोज २ टन ऊस तोडला, २०२४ च्या करारानंतरचा दर टनाला ३६६ रुपये धरला, तर उचल किती दिवसांत फिटेल? दोन मिनिटांत उत्तर येतं: १३७ दिवस. गाळप १२० दिवसच चाललं तर १२,१६० रुपये अंगावर राहतात, हेही पोरं सांगतात.

घोडं अडतं ते पुढे. "खाडा कुठे धरला?" असं विचारलं की वर्ग गप्प. ज्याची आई दरवर्षी फडात जाते, तोसुद्धा गप्प. खाडा त्याला घरची गोष्ट वाटते, गणितातली नाही. उदाहरणात दिलंय तेवढंच वापरायचं, हे शाळेने त्याच्या अंगी मुरवलेलं असतं. १० खाडे आणि प्रत्येकी ५०० रुपये दंड धरा, बाकी २४,४८० वर जाते. उचलीत चढणारी खर्ची तर अजून धरलेलीच नाही.

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे समितीच्या काळात बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कारणं अनेक, पण पाळीत खाडा पडू नये हा हिशेब त्यात होताच.

आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक! रोजचे ७३२ रुपये दोघांचे, म्हणजे माणशी ३६६. पहाटेचा स्वयंपाक, पाणी, लेकरं यांचा त्यात रुपयाही नाही. हे एकक कोणी ठरवलं? बाईने नक्कीच नाही.

बाबासाहेबांनी १९१८ च्या लहान धारणक्षेत्रांवरच्या निबंधात नेमकं हेच केलं. कुटुंबाचं पोट भरेल एवढी जमीन म्हणजे किफायतशीर धारणक्षेत्र, ही व्याख्याच त्यांनी नाकारली. ती उपभोगावरून केलेली आहे, मोजायचं तर उत्पादन मोजा, आणि जमिनीबरोबर श्रम व भांडवलाचं प्रमाण बघा, असा त्यांचा मुद्दा होता. बेरीज-वजाबाकी तपासायच्या आधी त्यांनी गृहीतक तपासलं. आपण त्यांच्या पदव्या मोजतो, ही रीत मात्र उचलत नाही.

मित्रांनो, आपल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची शॉर्टकट गणितं खूप झाली. आठवड्यातला एक तास तरी मागच्या हंगामाच्या उचलीचा हिशेब मांडा. आकडे घरूनच आणायला सांगा, आणि आईचा रोज वेगळा काढायला लावा. टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात, त्याआधी.