विश्लेषण : खिशातली दुर्बीण घ्यायची, पण महाड-पोलादपूरसाठी कोणती?

थंडीचे दिवस सुरू झाले की महाडजवळ सावित्रीच्या पात्रात मगरी उन्हाला येऊन पडतात. रायगडावर गर्दी वाढते, पोलादपूरकडे मंगळगड, चंद्रगडाच्या वाटा ट्रेकर मंडळींनी भरतात. प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो आणि फोटो नीट येत नाही म्हणून प्रत्येक जण आणखी चार पावले पुढे जातो. मगरीच्या किंवा घरट्याच्या दिशेने टाकलेली ही चार पावलेच महागात पडतात. खिशात मावणारी दुर्बीण हा त्यावरचा सोपा उपाय आहे. मात्र बाजारात दुर्बीण विकली जाते ती ‘किती पट मोठे दिसते’ या एकाच आकड्यावर. इथल्या पावसात आणि डोंगरांच्या सावलीत तोच आकडा सर्वांत कमी उपयोगाचा ठरतो.

‘८×२५’ म्हणजे नेमके काय?

पहिला आकडा किती पट जवळ दिसते याचा. दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास मिळतो. ८×२५ मध्ये तो साधारण ३.१ मिलिमीटर, १०×२५ मध्ये २.५. भर दुपारी माणसाची बाहुली स्वतःच दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकसलेली असते, त्यामुळे फरक जाणवत नाही. तो जाणवतो संध्याकाळी. पोलादपूरच्या खोऱ्यांत सूर्य डोंगराआड लवकर जातो आणि पक्षी-प्राणी हालचाल करतात त्याच वेळेला. तेव्हा बाहुली मोठी होते, दुर्बिणीतून येणारा प्रकाश मात्र तेवढाच राहतो.

मग दहापट चांगली की आठपट?

इथे भावना बाजूला ठेवून हिशेब करावा. नदीच्या पलीकडच्या काठावर २०० मीटरवर मगर आहे. आठपट दुर्बिणीतून ती २५ मीटरवर असल्यासारखी दिसेल, दहापटीतून २० मीटरवर. मिळाले पाच मीटर. त्यासाठी भिंग तेवढेच असेल तर प्रकाश सुमारे एक तृतीयांशाने घटला, दिसणारा परिसर अरुंद झाला आणि हाताचा कंपही दहापट झाला. रायगडाच्या पायऱ्या चढून धापा टाकणाऱ्या माणसाला दहापट दुर्बीण स्थिर धरता येत नाही. खिशातल्या दुर्बिणीला वजन नसते, म्हणून ती जास्तच हलते. टकमक टोकावरून झेपावणारा ससाणा अरुंद चित्रात शोधेपर्यंत निघून गेलेला असतो. थोडक्यात, आठपटच घ्यावी.

आणि ती ‘३०×६०’?

जत्रेतल्या दुकानापासून ऑनलाइन बाजारापर्यंत सगळीकडे दिसणारी ही दुर्बीण म्हणजे शुद्ध थाप आहे. ती पकडायला शाळेतली पट्टी पुरते. ६० मिलिमीटर म्हणजे सहा सेंटिमीटर. अशी दोन भिंगे शेजारी ठेवली तर रुंदी बारा सेंटिमीटरच्या पुढे जाते. ती सदऱ्याच्या खिशात मावेल कशी? पट्टी लावली की समोरचे भिंग दोन-अडीच सेंटिमीटरचेच निघते. लालभडक चमकणारी भिंगे हीदेखील अशीच दिखाऊ बाब. तो लेप लाल प्रकाश परत फेकतो आणि चित्र हिरवट करतो. रात्री दिसण्याचा दावा असेल तर तो खोका तिथेच ठेवावा. यात पैसे जातात हे एक. त्याहून वाईट म्हणजे पहिलीच दुर्बीण अशी हातात आलेल्या मुलाचे डोके दुखते, काही दिसत नाही आणि पक्षी पाहण्याची आवड तिथेच संपते.

मोबाइलचा झूम पुरत नाही का?

नोंद ठेवायला पुरतो, बघायला नाही. बहुतेक फोनमध्ये ठरावीक मर्यादेपुढचा झूम म्हणजे त्याच चित्राचा कापून मोठा केलेला तुकडा असतो. शिवाय भर उन्हात स्क्रीन दिसत नाही, आणि दोन्ही डोळ्यांनी पाहण्यातली खोली त्यात येत नाही.

इथला खरा प्रश्न : पाऊस

महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तांदळाला टोके होतात, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी येते. तीच बुरशी दुर्बिणीच्या आत, भिंगांवर आणि प्रिझमवर जाळे विणते. एकदा ती लेपात शिरली की पुसून जात नाही. छोटी दुर्बीण उघडून साफ करून घेण्याचा खर्च कित्येकदा नव्या दुर्बिणीएवढा होतो. कोरड्या हवेतल्या शहरांसाठी लिहिलेले सल्ले या बाबतीत दोन ओळींत आवरतात. कोकणात मात्र निवड इथूनच सुरू व्हायला हवी.

खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘फॉगप्रूफ’ हे दोन्ही शब्द हवेत, आत नायट्रोजन भरल्याचा उल्लेख हवा. नुसते ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे चार थेंब उडाले तर चालतील, एवढेच. सीलबंद दुर्बिणीत दमट हवा शिरत नाही, म्हणून आतून धुकेही धरत नाही. एसी गाडीतून आंबेनळी घाटात उतरल्यावर भिंग बाहेरून धुरकटते, पण ते पुसता येते. (घाटातच धुके उतरले असेल तर मात्र लाखाची दुर्बीणही आंधळीच.)

निकॉनची स्पोर्टस्टार ८×२५ सुमारे ३०० ग्रॅमची आणि वॉटरप्रूफ आहे. त्याच कंपनीची अॅक्युलॉन ८×२१ आणखी हलकी, पण सीलबंद नाही. ती दिवाळीनंतर वापरायची आणि मेअखेर नीट बंद करून ठेवायची वस्तू. झाइसची टेरा ईडी पॉकेट ८×२५ या दोघींपेक्षा सरस, पण बरीच महाग. बजेट कमी असेल तर वाढीव पटीवर पैसे न घालता सीलबंद बांधणीवर घालावेत, हाच इथला नियम असावा.

चष्मा असेल तर?

मग ‘आय रिलीफ’ हा आकडा बघावा. डोळा दुर्बिणीपासून किती दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसते, ते तो सांगतो. चष्मेवाल्यांना किमान १५ मिलिमीटर हवेत. वर उल्लेख केलेल्या स्पोर्टस्टारमध्ये ते साधारण दहाच आहेत, त्यामुळे चष्म्यासह चित्राच्या कडा कापल्या जातात. टेरामध्ये ते पुरेसे आहेत. जाहिरातीत हा आकडा क्वचितच ठळक असतो.

गिधाडांचा याच्याशी काय संबंध?

शेजारच्या म्हसळा तालुक्यातील चिरगावची गिधाडे महाडच्या सिस्केप संस्थेच्या कामामुळे माहीत झाली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे १९९० च्या दशकापासून देशभर गिधाडे मोठ्या प्रमाणावर मेली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. माणसे घरट्याच्या झाडाखाली जमली आणि पक्षी उठला, तर ते एकुलते अंडे किंवा पिल्लू उन्हात आणि कावळ्यांसमोर उघडे पडते. सावित्रीच्या मगरीचे वेगळे. तिथे धोका बघणाऱ्याला आहे. दोन्ही ठिकाणी दुर्बिणीचे काम एकच, माणसाला दूर थांबवणे. त्यामुळे गिधाड बघायला निघालेल्या सहलीत दुर्बीण नसेल तर ती सहल घरट्याकडे नेऊच नये, असे म्हणणे कडक वाटले तरी वाजवी आहे. शाळांनीही पाच स्वस्त दुर्बिणींऐवजी एक चांगली घेऊन ती आळीपाळीने फिरवलेली बरी.

घेतल्यावर काय करावे?

महाडच्या बाजारात चार दुर्बिणी हातात घेऊन पाहायची सोय फारशी नाही, त्यामुळे बहुतेक खरेदी ऑनलाइनच होते. तेव्हा परत करण्याची मुदत वाया घालवू नये. पहिल्याच दिवशी उजव्या डोळ्याची वेगळी चकती जुळवावी: उजवे भिंग झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर चित्र स्पष्ट करावे, मग डावे झाकून फक्त ती चकती फिरवावी. ‘दुर्बीण खराब आहे’ या अनेक तक्रारी एवढ्यावरच मिटतात. मग दुपारी एखाद्या दूरच्या खांबाच्या कडेकडे पाहावे. जाड जांभळी किनार दिसली तर भिंग सुमार. पाच मिनिटे पाहून डोळे ताणले, चित्रे दोन दिसू लागली, तर दोन नळ्या जुळलेल्या नाहीत. तेव्हा वाट न बघता परत करावी. सूर्याकडे मात्र कधीच रोखू नये.

शेवटची चाचणी दिवेलागणीच्या वेळी, सावित्रीच्या काठावर. पलीकडच्या झाडीतली फांदी आणि फांदीवरचा पक्षी वेगळे दिसले तर ठेवून घ्यावी. जूनपासून तिची जागा चामड्याच्या पाकिटात नको, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. आणि पुड्या महिन्याकाठी गरम करून सुकवाव्यात.